ध्रुवीय हिमनदीची सीमा आखताना उपग्रहाआधी तारीख निवडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या एका फियॉर्डभोवतीच्या (जमिनीत शिरलेल्या अरुंद, खोल खाडीभोवतीच्या) हिमनद्या तुम्ही सेंटिनेल-२ उपग्रहाच्या एका प्रतिमेवरून आखल्या. एनडीएसआय, म्हणजे हिरव्या आणि लघुलहरी अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातला फरक त्यांच्या बेरजेने भागून येणारा हिमनिर्देशांक, ०.४च्या वर गेला की पिक्सेल बर्फाचा, हा नियम लावला. क्षेत्रफळ काढले, तर ते जगभरच्या हिमनद्यांच्या सीमा देणाऱ्या रँडॉल्फ हिमनदी सूचीतल्या आकड्यापेक्षा जास्त भरले. तिथल्या हिमनद्या मागे हटत असताना हे कसे झाले, दुसरा उपग्रह किंवा चांगली पद्धत आहे का, आणि हेच काम पुढे अंटार्क्टिक द्वीपकल्पावर करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

उपग्रह बदलून हा फरक जाणार नाही. सेंटिनेल-२ या कामाला उत्तम आहे. आकडा फुगण्याची कारणे बहुधा तीन आहेत: प्रतिमेच्या दिवशी डोंगरउतारांवर हंगामी हिम शिल्लक होते, एनडीएसआयने पाणीसुद्धा बर्फात मोजले, आणि सूची करणाऱ्यांनी हिमनदी कशाला म्हणायचे याची जी व्याख्या धरली ती तुमच्या नियमात उतरलेली नाही. यातले पहिले कारण सहसा बाकीच्या दोघांपेक्षा मोठे असते. ते नेमके किती मोठे, हे हिमनद्यांच्या आकारावर ठरते. ऑस्टफोनासारख्या हजारो चौरस किलोमीटरच्या हिमटोपीच्या कडेला हिमाचे चार पट्टे जास्त धरले गेले तरी टक्केवारी हलत नाही. डोंगरातल्या एक-दोन चौरस किलोमीटरच्या हिमनद्या असतील, तर त्याच पट्ट्यांनी सगळा निष्कर्ष उलटा होतो.

मुळात हिम आणि बर्फ दृश्य प्रकाश भरपूर परावर्तित करतात आणि १.६ मायक्रोमीटरच्या आसपासचा लघुलहरी अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकतात. खडक आणि पाण्याच्या थेंबांचे ढग हा प्रकाश बऱ्यापैकी परत पाठवतात. एनडीएसआय काय किंवा लाल आणि अवरक्त बँडचे (म्हणजे प्रकाशपट्ट्यांचे) गुणोत्तर काय, दोन्ही याच फरकावर उभे आहेत. म्हणजे ही मापे फक्त एवढेच सांगतात की या पिक्सेलवर आज गोठलेले पाणी आहे. ते हिमनदीचे आहे की परवाच्या हिमवर्षावाचे, हे त्यांना कळत नाही. ते तुम्हाला तारीख निवडून ठरवावे लागते, आणि म्हणून मी निम्मा वेळ प्रतिमा शोधण्यात घालवते. तिथे वाचवलेला एक तास पुढे हाताने दुरुस्त्या करताना अनेक पटींनी मोजावा लागतो.

स्वालबार्डसाठी कामाचा काळ जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंतचा. त्याआधी हिवाळ्यातले हिम उरलेले असते, त्यानंतर उंचावर नवे पडू लागते आणि सूर्यही झपाट्याने खाली येतो. पण काळ योग्य असला म्हणजे वर्षही योग्य असेल असे नाही. काही उन्हाळ्यांत ऑगस्टच्या मध्यापर्यंत ओढे-घळी पांढऱ्याच राहतात. स्वालबार्डमध्ये २०२२ आणि २०२४चे उन्हाळे असाधारण वितळीचे होते, त्यामुळे अलीकडची सीमा आखायची असेल तर मी आधी तिथेच शोधते. तुमच्या प्रकल्पाला २०२३ हेच वर्ष हवे असा आग्रह नसेल, तर वर्षाभराचा फरक सोसावा आणि स्वच्छ प्रतिमा घ्यावी.

प्रतिमा चांगली आहे हे ओळखायला तीन ठिकाणी पाहते. हिमनदीच्या खालच्या भागात उघडा, राखाडी-निळसर बर्फ दिसतो का. हिमनदीपासून दूर असलेल्या पठारांवर आणि घळींमध्ये पांढरे ठिपके आहेत का. आणि हिमनदीच्या वरच्या कडेला खडक आणि बर्फ यांच्यातली रेघ तीक्ष्ण आहे की विरत जाणारी. दूरच्या पठारावर ठिपके दिसले की ती प्रतिमा सीमेसाठी बाद, मग हिमनदीच्या मुखाजवळचा, म्हणजे खालच्या टोकाजवळचा, बर्फ कितीही सुंदर उघडा पडलेला असो.

शोधताना एक सापळा आहे. प्रतिमांच्या संग्रहात ढगांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी अशी चाळणी लावण्याची सवय सगळ्यांना असते. ध्रुवीय भागात ती लावू नका. ढग ओळखणारी स्वयंचलित पद्धत हिमालाच ढग समजते, त्यामुळे निरभ्र दिवसाची प्रतिमा ७० टक्के ढगाळ म्हणून नोंदलेली असू शकते, आणि बर्फावर पातळ ढग असलेली प्रतिमा स्वच्छ म्हणून पुढे येते. चाळणी ७० किंवा ८० टक्क्यांवर ठेवा आणि छोट्या प्रतिमा डोळ्यांनी पाहा. पाहताना बँड ११, ८ आणि ४ अनुक्रमे लाल, हिरव्या, निळ्या जागी टाका. बर्फ निळसर दिसेल, पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरट-गुलाबी. बर्फकणांचे उंच ढग मात्र याही रचनेत निळसरच दिसतात. त्यांची सावली किंवा अस्पष्ट पोत हीच खूण. ७८ अंश अक्षांशावर उपग्रहाच्या शेजारशेजारच्या फेऱ्या एकमेकींवर इतक्या येतात की उन्हाळ्यात जवळजवळ रोज नवी प्रतिमा मिळते. ढगांमुळे त्यातल्या फार थोड्या उपयोगी पडतात, पण त्या असतात.

एका वर्षात सगळा भाग स्वच्छ मिळाला नाही, तर दोन-तीन वर्षांच्या प्रतिमांतून प्रत्येक पिक्सेलची सर्वांत कमी हिम असलेली नोंद घेऊन एकत्र चित्र करता येते. वरच्या कडांसाठी ही युक्ती फार उपयोगी आहे. मुखासाठी ती अजिबात वापरू नका. मुख दरवर्षी हलते, आणि अशा चित्रात ते कोणत्या तारखेचे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ढगांच्या सावल्याही अशा चित्रात घुसतात. वरची कडा एकत्र चित्रावरून आणि मुख एका तारखेच्या प्रतिमेवरून, अशी विभागणी करा आणि दोन्ही तारखा नोंदवा.

आता प्रत्यक्ष आखणी. मी एनडीएसआयपेक्षा साधे गुणोत्तर पसंत करते: सेंटिनेल-२मध्ये बँड ४ भागिले बँड ११, लँडसॅट ८ आणि ९मध्ये बँड ४ भागिले बँड ६, जुन्या लँडसॅट ५मध्ये बँड ३ भागिले बँड ५. सावलीतला बर्फ त्यात जास्त चांगला पकडला जातो आणि सीमामूल्य, म्हणजे ज्याच्या वर पिक्सेल बर्फाचा धरायचा तो आकडा, थोडे इकडेतिकडे झाले तरी सीमा फारशी सरकत नाही. बँड ११ वीस मीटरचा आहे. तो दहा मीटरवर आणून भाग द्या, म्हणजे कडा बँड ४च्या तपशिलाने येतात. सीमामूल्य १.५ ते ३ यांच्या दरम्यान कुठेतरी बसते. ते पाठ्यपुस्तकातून उचलू नका. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः सावलीतल्या बर्फाच्या कडेला, ०.१च्या टप्प्याने बदलून पाहा. जितके खाली न्याल तितका सावलीतला आणि मळका बर्फ हाती लागतो, पण सावलीतला खडकही आत येऊ लागतो. तो खडक काढायला निळ्या बँडची आणखी एक अट लावतात, कारण सावलीतला बर्फ निळ्यात सावलीतल्या खडकापेक्षा उजळ असतो.

इथे बरेच जण एका बारीक गोष्टीवर अडखळतात. सेंटिनेल-२च्या २५ जानेवारी २०२२पासूनच्या उत्पादनांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. परावर्तन काढताना ते आधी वजा करून मग १०,०००ने भागायचे. वजा केले नाहीत तर काय होते पाहा. सावलीतल्या बर्फाचे लाल परावर्तन ०.०८ आणि अवरक्त ०.०२ असेल, तर खरे गुणोत्तर ४. हजार तसेच राहिले, तर १८०० भागिले १२००, म्हणजे १.५. सीमामूल्य २ असेल तर हा सगळा बर्फ नकाशातून गायब. उन्हातल्या बर्फावर हाच दोष दिसत नाही, कारण तिथे गुणोत्तर कमी होऊनही ४च्या वर राहते. म्हणून चूक लक्षात येत नाही आणि २०२१ ते २०२२ या एका वर्षात उत्तराभिमुख हिमनद्या आटल्याचा भास होतो. गूगल अर्थ इंजिनमध्ये आकडे आधीच एकसारखे केलेला हार्मोनाइज्ड संग्रह आहे, तो घ्या.

वातावरणाची दुरुस्ती केलेली प्रतिमा घ्यावी की न केलेली? सीमेसाठी मी न केलेली, म्हणजे वातावरणाच्या वरच्या पातळीवरचे परावर्तन वापरते. सूर्य इतका खाली असताना दुरुस्तीची गणिते डळमळीत होतात आणि सावल्यांमध्ये विचित्र आकडे येतात. लँडसॅटच्या बाबतीत तर सूर्य शिरोबिंदूपासून ७६ अंशांपेक्षा जास्त कललेला असेल, तर भूपृष्ठ परावर्तनाचे उत्पादन तयारच केले जात नाही.

पाण्याचे काय करायचे, तेही इथेच सांगते. फियॉर्डमधल्या गाळाच्या पाण्याचे हिरव्यातले परावर्तन ०.१५ आणि अवरक्तातले ०.०१ असू शकते. एनडीएसआय निघतो ०.८७५, म्हणजे नियमानुसार पक्के बर्फ. साधे गुणोत्तरही पाण्याला फसते. त्यामुळे निकट अवरक्तात, म्हणजे बँड ८मध्ये, परावर्तन ०.११पेक्षा कमी असलेले पिक्सेल वेगळे काढून तपासा. त्यातले बहुतेक पाणी असेल, काही सावलीतला बर्फ. समुद्रासाठी किनाऱ्याची रेघ वापरून कापणे सोपे, हिमनदीपुढच्या तळ्यांसाठी हातानेच काम करावे लागते.

यानंतर तीन बाय तीनची मध्यक गाळणी, मग पिक्सेलच्या चित्राचे (रास्टरचे) सीमारेषांनी बांधलेले बहुभुज, मग ०.०१ चौरस किलोमीटरपेक्षा लहान तुकडे काढून टाकणे. ही किमान मर्यादा रँडॉल्फ सूचीही पाळते. दहा मीटरच्या प्रतिमेत ०.०१ चौरस किलोमीटर म्हणजे १०० पिक्सेल, ते ठीक आहे. तीस मीटरच्या लँडसॅटमध्ये ते जेमतेम ११ पिक्सेल होतात, म्हणून तिथे मी मर्यादा ०.०५वर नेते. आणि तुलना करायची असेल तर दोन्ही वर्षांना मोठी मर्यादाच लावते.

सावल्यांचा त्रास ध्रुवाकडे किती वाढतो, याचा अंदाज घ्या. स्वालबार्डमधल्या लाँगइयरबेन गावाच्या अक्षांशावर १ ऑगस्टला माध्यान्ही सूर्य सुमारे ३० अंशांवर असतो, महिनाअखेर २०, आणि २० सप्टेंबरला १३. तीनशे मीटर उंच कड्याची सावली अनुक्रमे ५२०, ८२० आणि १३०० मीटर पडते. शेवटच्या आकड्यात आख्खी छोटी हिमनदी मावते. म्हणून सप्टेंबरमध्ये जमीन अगदी उघडी असली तरी ती प्रतिमा मी मुख्य म्हणून घेत नाही, पूरक म्हणून घेते. याला एक चांगली बाजूही आहे. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, आभाळात गोल फिरत राहतो, त्यामुळे वेगळ्या वेळच्या फेरीत सावली वेगळ्या बाजूला पडते. लँडसॅटच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या फेरीतल्या काही उन्हाळी प्रतिमा संग्रहात आहेत. दुपारच्या प्रतिमेत काळीकुट्ट असलेली उत्तरेची भिंत त्यांत उजळलेली सापडते.

आता दगडमातीने झाकलेला बर्फ. इथे कोणताही रंगाचा बँड मदत करत नाही, कारण वरचे दगड आणि शेजारचे दगड सारखेच. स्वालबार्डमध्ये जमिनीवर संपणाऱ्या हिमनद्यांच्या मुखाशी, ज्यांच्या पोटात बर्फ आहे असे हिमोढ (हिमनदीने साचवलेले दगडमातीचे ढीग) भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. मी दोन पुरावे शोधते.

पहिला पुरावा उंचीतल्या बदलाचा. आर्क्टिकडेम या उंचीसंचात दोन मीटरच्या, तारीखवार पट्ट्या मिळतात. आठ-दहा वर्षांच्या अंतराच्या दोन पट्ट्या घ्या, स्थिर खडकावर एकमेकींशी नीट जुळवा आणि वजाबाकी करा. खाली बर्फ असेल तर पृष्ठभाग खचलेला दिसतो. तिथल्या हिमनद्यांची मुखे वर्षाला मीटरभर किंवा त्याहून जास्त पातळ होतात, त्यामुळे दशकातला बदल मोजणीच्या गोंधळाच्या बराच वर असतो. दगडांचा थर जाड असेल तर वितळ मंदावते आणि खूण पुसट होते, तेव्हा शून्याच्या जवळचा आकडा आला म्हणून खाली बर्फ नाही असे ठरवू नका. जुळवणी मात्र टाळू नका. आडव्यात पाच मीटरची चूकही तीव्र उतारावर काही मीटरांचा खोटा बदल दाखवते, आणि तो उताराच्या दिशेप्रमाणे एका बाजूला खचलेला, दुसऱ्या बाजूला फुगलेला दिसतो. तसा नमुना दिसला की जुळवणी बिघडली आहे असे समजा.

दुसरा पुरावा रडारचा. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या बारा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमांची सुसंगती, म्हणजे दोन्हींतले रडार संकेत किती जुळतात ते, काढा. बर्फ सरकतो, वितळतो, म्हणून तिथे सुसंगती कोसळते. उघडा स्थिर खडक ती टिकवून धरतो. पण ओले हिम, पाऊस आणि ओल्या मातीची घसरण यांनीही सुसंगती कोसळते, त्यामुळे जोडी ऑगस्टच्या अखेरची कोरडी घ्या आणि एका जोडीवर विसंबू नका. तीन जोड्यांत सातत्याने काळा दिसणारा भाग विश्वासार्ह. ठरीव सीमामूल्य मी देत नाही. शेजारच्या खडकाशी तुलना करून ते दर वेळी ठरवावे लागते. तीव्र उतारांवर रडारची प्रतिमा दुमडते, तिथले उत्तर सोडून द्या.

हे सगळे करूनही हिमोढाच्या पोटातला, मूळ हिमनदीपासून तुटलेला बर्फ मोजायचा का, हा निर्णय उरतोच. उपग्रहांवरून जागतिक हिमनद्या नोंदवणाऱ्या ग्लिम्स प्रकल्पाची व्याख्या दगडांनी झाकलेला जोडलेला बर्फ हिमनदीत धरते आणि मध्येच डोके काढणारे उघडे खडक वगळते. मी तीच पाळते आणि तुटलेला बर्फ वगळते. तुम्ही उलट ठरवलेत तरी चालेल, फक्त दोन्ही वर्षांना एकच नियम हवा.

समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीच्या मुखापुढे तुटलेल्या बर्फाचा चुरा आणि हिमनग दाटलेले असतात. गुणोत्तराला ते सगळे एकच दिसते. इथे दोन-तीन दिवसांच्या अंतराच्या प्रतिमा आलटूनपालटून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. चुरा विस्कटतो, मुख जागेवर राहते. मुख ऋतूप्रमाणेही पुढेमागे होते, काही ठिकाणी शेकडो मीटर, म्हणून तुलनेच्या दोन तारखा वर्षातल्या एकाच सुमाराच्या घ्या. मागे हटण्याचे अंतर एका मध्यरेषेवर मोजू नका, कारण मुख वेडेवाकडे असते. मुखाच्या संपूर्ण रुंदीत गमावलेले क्षेत्रफळ काढून रुंदीने भागा. २.४ चौरस किलोमीटर गेले आणि मुख ३ किलोमीटर रुंद असेल, तर सरासरी माघार ८०० मीटर. शिवाय स्वालबार्डमध्ये अचानक वेग घेऊन पुढे धावणाऱ्या हिमनद्या पुष्कळ आहेत. ऑस्टफोनाच्या तिसऱ्या खोऱ्यात २०१२च्या सुमारास हेच घडले. एखादी हिमनदी पुढे आलेली दिसली, तर तुमची आखणी चुकली असे लगेच समजू नका आणि ती वाढते आहे असेही लिहू नका. ती फक्त वरचा बर्फ खाली आणत असते.

इथवरचा क्रम एकदा: आधी तारीख, मग आकड्यांची दुरुस्ती, मग गुणोत्तर आणि सीमामूल्य, पाणी आणि सावली वेगळी, मग दगडांखालचा बर्फ आणि मुख हाताने. यानंतर जे उरते ते बर्फाच्या सलग पसरलेल्या तुकड्याचे हिमनद्यांत विभाजन आणि क्षेत्रफळाचे गणित. तुलना बहुतेक वेळा इथे बिघडते.

हिमविभाजक, म्हणजे शेजारच्या दोन हिमनद्यांचा बर्फ वेगळा करणारी माथ्यावरची रेघ, स्वतः काढायचा मोह आवरा. हिमटोपीचा माथा इतका सपाट असतो की अर्ध्या अंशाच्या उतारावर उंचीत दोन मीटरची चूक झाली, तर विभाजक सुमारे २३० मीटर सरकतो. तुम्ही नवा डीईएम (उंचीचा नकाशा) वापरलात आणि सूचीने जुना, तर एक हिमनदी आटेल, शेजारची फुगेल, आणि दोन्ही बदल खोटे असतील. सूचीतलेच विभाजक उचला आणि तुमच्या बाह्य सीमेला त्यांनी कापा. बर्फ कुठे वाहतो याबद्दल शंका असेल, तर आयटीएस-लाइव्ह संचातले वेगाचे नकाशे पाहा, दिशा लगेच कळते.

सूचीची तारीखही तपासा. रँडॉल्फ सूचीच्या सातव्या आवृत्तीत ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन मोठ्या हिमस्तरांबाहेरच्या २,७४,५३१ हिमनद्या आहेत आणि उद्दिष्ट साल २००० आहे, पण प्रत्येक सीमा त्याच सालची नसते. प्रत्येक बहुभुजाच्या तक्त्यात मूळ प्रतिमेची तारीख दिलेली असते. बदलाचा दर काढताना २००० धरू नका, ती तारीख धरा.

प्रक्षेपणाचे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याचे, गणित लोक फार हलके घेतात. आर्क्टिकडेम ज्या ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपणात येतो (ईपीएसजी या प्रक्षेपणांच्या क्रमांकयादीत ३४१३), त्यात माप ७० अंश उत्तरेवर बरोबर असते. ७८ अंशांवर त्यातले क्षेत्रफळ सुमारे ४ टक्क्यांनी कमी भरते आणि ६० अंशांवर सुमारे ८ टक्क्यांनी जास्त. दशकभरातल्या खऱ्या बदलाइतकाच हा दोष असू शकतो. नकाशा त्यात खुशाल काढा, क्षेत्रफळ मात्र यूटीएम ३३मध्ये किंवा समक्षेत्र प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी ६९३१मध्ये मोजा. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये लंबगोलावर क्षेत्रफळ काढण्याची सोय आहे, तीही चालते.

चुकीची मर्यादा देताना साधा हिशेब पुरतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना अर्धा पिक्सेल धरा. गोल आकाराच्या १ चौरस किलोमीटर हिमनदीचा परीघ ३.५४ किलोमीटर. लँडसॅटचा अर्धा पिक्सेल १५ मीटर, म्हणजे चूक ५ टक्क्यांच्या वर. सेंटिनेल-२चा ५ मीटर, म्हणजे २ टक्क्यांच्या आत. १०० चौरस किलोमीटरच्या हिमनदीत लँडसॅटवरही ती जेमतेम अर्धा टक्का. खऱ्या हिमनद्या गोल नसतात, त्यामुळे आकडे दीडपट-दुप्पट होतात. हा हिशेब फक्त कडेच्या धूसरपणाचा आहे, हंगामी हिमाचा किंवा दगडांखालच्या बर्फाचा नाही. त्यासाठी पाच वेगवेगळ्या प्रकारच्या हिमनद्या निवडा, काही दिवसांच्या अंतराने तीनदा हाताने आखा, आधीची रेघ न पाहता. येणारी तफावत हीच तुमची खरी चूक. ती अर्ध्या पिक्सेलच्या हिशेबापेक्षा मोठी निघाली, तर मोठी तीच छापा.

अंटार्क्टिक द्वीपकल्पावर ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. तिथे उन्हाळ्यातही समुद्रसपाटीपर्यंत हिम टिकते, त्यामुळे उघडा बर्फ आणि खडक यांच्यातली सीमा हा प्रश्नच लहान होतो. संपूर्ण अंटार्क्टिकात उघडा खडक सुमारे ०.१८ टक्केच आहे. सीमेचा बहुतांश भाग किनारा आणि विभाजक यांनी बनतो. म्हणजे गुणोत्तर खडकाच्या कडेपुरते, आणि खरी मेहनत किनाऱ्यावर.

किनाऱ्यावर तीन गोष्टी एकाच रंगाच्या दिसतात: जमिनीवर टेकलेला बर्फ, तरंगती आइस शेल्फ (जमिनीवरच्या बर्फाला जोडून समुद्रावर पसरलेला जाड थर) आणि किनाऱ्याला चिकटलेला समुद्री बर्फ. शेल्फ आणि समुद्री बर्फ यांतला फरक उंचीने कळतो. शेल्फची कडा पाण्यावर सहसा दहा-वीस मीटर किंवा जास्त उभी असते, समुद्री बर्फ पाण्यावर फार तर मीटरभर. रेमा या अंटार्क्टिक उंचीसंचात किंवा आइससॅट-२च्या लेसर नोंदीत ही पायरी स्पष्ट दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकटलेला बर्फ बऱ्याच ठिकाणी फुटतो, तेव्हाच्या प्रतिमा घेतल्या तर काम निम्मे होते.

टेकलेला आणि तरंगता बर्फ यांच्यामधली रेघ प्रकाशाच्या प्रतिमेत खात्रीने दिसत नाही. तरंगता भाग भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, आणि ती हालचाल रडारच्या इंटरफेरोमेट्रीत (दोन वेळच्या रडार प्रतिमांतला लहरींचा फरक मोजण्यात) दाट पट्ट्यांच्या रूपात उमटते. सेंटिनेल-१चे दोन्ही उपग्रह चालू असताना सहा दिवसांच्या जोड्या मिळत. १बी डिसेंबर २०२१मध्ये निकामी झाला आणि तो फायदा गेला. १सी डिसेंबर २०२४मध्ये सोडला गेला आहे. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावला. त्याच्या एल बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटर, सेंटिनेल-१च्या साधारण साडेपाच सेंटिमीटरपेक्षा बरीच लांब, त्यामुळे बारा दिवसांच्या अंतरातही सुसंगती जास्त टिकण्याची आशा आहे. ही रेघ स्वतः काढणे नवख्याला जड जाते. उपलब्ध रेघ वापरा आणि तिचे साल लिहा, कारण तीही सरकते. शेल्फचे क्षेत्रफळ हिमनदीत मिळवू नका, वेगळ्या स्तंभात ठेवा. लार्सन बी शेल्फचे सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर २००२च्या सुरुवातीला काही आठवड्यांत फुटले. असा आकडा हिमनद्यांच्या बेरजेत मिसळला की बाकी सगळे बदल त्याखाली दडपून जातात.

तुलनेसाठी रँडॉल्फ सूचीवर अवलंबून असाल तर आधीच सांगते: तिच्या एकोणिसाव्या विभागात अंटार्क्टिक आणि उपअंटार्क्टिक बेटे आहेत, द्वीपकल्पाची मुख्य भूमी नाही. मुख्य भूमीसाठी ग्लिम्सच्या संग्रहातल्या सीमा आणि अंटार्क्टिक डिजिटल डेटाबेसची किनारारेषा हे पाये घ्या. क्षेत्रफळ मोजताना इथेही तोच इशारा: ईपीएसजी ३०३१मध्ये माप ७१ अंश दक्षिणेवर बरोबर, ६५ अंशांवर क्षेत्रफळ सुमारे ४ टक्के जास्त भरते. ईपीएसजी ६९३२मध्ये मोजा.

आणि जुन्या लँडसॅट प्रतिमा घेताना माहितीफाइलमध्ये एल१टीपी आहे की एल१जीटी ते पाहा. अंटार्क्टिकात जमिनीवरचे नियंत्रणबिंदू कमी असल्याने बऱ्याच प्रतिमा एल१जीटी असतात, म्हणजे त्या जागेवर बसवताना असे बिंदू वापरलेलेच नसतात. तशी प्रतिमा थेट वापरली, तर आख्खा किनारा एका दिशेला सरकलेला दिसतो आणि एका बाजूच्या हिमनद्या वाढतात, दुसऱ्या बाजूच्या घटतात. आधी बर्फातून डोके काढणाऱ्या आठ-दहा खडकांवर तिची रेमाशी किंवा चांगल्या सेंटिनेल-२ प्रतिमेशी जुळवणी करा, उरलेली सरासरी चूक एका पिक्सेलच्या आत आणा, आणि मगच पहिली रेघ ओढा.